बद्धकोष्ठतेची पावडर आणि थायरॉईडची गोळी: अडीच वर्षांच्या मुलीचं एक प्रकरण

मुलगी दोन वर्षं सात महिन्यांची, वजन १२ किलो. जन्मजात थायरॉईडची कमतरता. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी झाली, टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं संप्रेरक, थायरॉईड कमी पडलं की ते वाढतं) खूप वाढलेलं निघालं आणि वयाच्या दुसऱ्या आठवड्यातच लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची गोळी, सुरू झालं. पुढची दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. वाढ ठीक, चालणं-बोलणं वेळेवर. दोन वर्षं चार महिन्यांच्या वयाला ती रोज ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीवर होती आणि टीएसएच २.४, म्हणजे ठीक, होतं. तीन महिन्यांनी तेच टीएसएच ११.६ आलं. फ्री टी४, म्हणजे रक्तात वापरासाठी मोकळं असलेलं थायरॉईडचं संप्रेरक, सामान्य मर्यादेच्या अगदी खालच्या कडेला.

हे प्रकरण एका ठरावीक कुटुंबाचं नाही. मुलांच्या औषधांचा आढावा घेताना पुन्हापुन्हा समोर येणारे दुवे जोडून ते मांडलं आहे. मुलीचे आकडे उदाहरणादाखल आहेत. औषधांचे एकमेकांवर होणारे परिणाम मात्र वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत, आणि त्यांच्यासाठीच हे लिहायचं आहे.

जगभरात साधारण दर २००० ते ४००० नवजात बाळांपैकी एकाला हा आजार असतो. उपचार साधा आहे: शरीर जे संप्रेरक बनवू शकत नाही ते गोळीतून द्यायचं. वेळेवर सुरू केलं आणि नीट चालू ठेवलं तर ही मुलं इतर मुलांसारखीच वाढतात. पहिली तीन वर्षं मात्र फार नाजूक असतात, कारण मेंदूची वाढ या काळात थायरॉईडच्या संप्रेरकावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. म्हणून या वयात दर काही महिन्यांनी रक्त तपासतात आणि मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने डोस बदलतात. अशा मुलीच्या रक्तात संप्रेरक काही आठवडे कमी राहिलं, तर ते आठवडे मला वाया गेल्यासारखे वाटतात, बाहेरून मूल कितीही हसतं-खेळतं दिसलं तरी.

डोस वाढवला, आकडा हलला नाही

टीएसएच वाढलं की डॉक्टरांच्या मनात कारणांची एक यादी असते. मूल वाढलं, वजन वाढलं, जुना डोस अपुरा पडू लागला, हे सगळ्यांत नेहमीचं कारण. मग चुकलेल्या गोळ्या. मग गोळ्यांची कंपनी बदलली का, डबी उन्हात किंवा दमट जागेत राहिली का. त्यानंतर आतड्यांचे आजार, विशेषतः सीलिअॅक, ज्यात लहान आतड्याचं अस्तर खराब होऊन औषधाचं शोषण घटतं. आणि शेवटी, बहुतेकदा अगदी शेवटी, दुसरं काही सोबत दिलं जातंय का.

पहिल्या भेटीत मुलीला वडील घेऊन आले होते. गोळ्या चुकतात का, याचं उत्तर ठाम होतं: एकही दिवस नाही. ते खरंही होतं. दुसरी काही औषधं? नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे हेही खरंच होतं. मूल वाढतंय असं धरून डोस ६२.५ मायक्रोग्रॅम केला गेला. निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, उपलब्ध माहितीवर बहुतेकांनी तेच केलं असतं.

सहा आठवड्यांनी टीएसएच ९.८. डोस चांगला पाव भागाने वाढवूनही आकडा जेमतेम हलला होता. मधल्या काळात मुलगी सुस्त झाली होती, दुपारी जास्त झोपायची, त्वचा कोरडी पडली होती. आणि शी कडक होण्याचा जुना त्रास आता चार-चार दिवसांवर गेला होता.

या टप्प्यावर डॉक्टरांनी डोस पुन्हा न वाढवता सीलिअॅकची रक्ततपासणी सांगितली आणि कुटुंबाला औषधांचा आढावा घेणाऱ्या फार्मासिस्टकडे पाठवलं. या प्रकरणातला सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय हाच. वाढवलेला डोस अंगी लागत नसेल, तर आणखी वाढवण्याआधी तो शरीरात पोहोचतोय का, हे पाहायला हवं.

चमच्यात काय होतं

या वेळी आई आली. फार्मासिस्टने ‘दुसरी औषधं कोणती’ असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “सकाळी उठल्यापासून तिच्या पोटात काय काय जातं, ते क्रमाने सांगाल?”

“उठली की आधी गोळी. चमच्यात कुस्करून. पण नुसती घेत नाही हो ती, थुंकून टाकते. म्हणून पावडरीत कालवून देते.”

“कसली पावडर?”

“पोटाची. औषध नाही ते मॅडम, पचनाचं आहे. शी साफ होण्यासाठी. आणि गॅससाठी थेंब देते, त्यानंतर लगेच.”

पुढच्या वेळी डबा आणि बाटली दोन्ही आणायला सांगितलं. पावडरीच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक होते: ईसबगोल, पचनाला उपयोगी म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंचे (प्रोबायोटिक) दोन प्रकार, कॅल्शियम कार्बोनेट, लोह आणि जस्त. थेंबांमध्ये सिमेथिकोन. पावडर तीन महिन्यांपूर्वी, शौचाला बसण्याची सवय लावताना सुरू झाली होती. या वयात बरीच मुलं शी रोखून धरतात, त्यात फारसं विशेष काही नाही. सुरुवातीला रोज एक चमचा असायचा. बद्धकोष्ठता वाढली तसे दोन झाले.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण प्रकरणाचा गाभा तिथे आहे. बद्धकोष्ठता हे थायरॉईड कमी असण्याचंच एक लक्षण आहे. संप्रेरक कमी झालं की आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणजे ज्या त्रासासाठी पावडर दिली जात होती, तोच त्रास पावडर वाढवत होती. शी कडक झाली म्हणून पावडर, पावडरीमुळे गोळीचं शोषण कमी, शोषण कमी म्हणून आतडी आणखी मंद, म्हणून पावडर दुप्पट. घरातल्या माणसांना हे चक्र दिसणं जवळपास अशक्य होतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की मुलीचा त्रास वाढतोय आणि आपण पुरेसं करत नाही आहोत.

वडिलांनी काही लपवलं नव्हतं. औषध देणारी व्यक्ती एक आणि दवाखान्यात उत्तर देणारी दुसरी, असं पुष्कळ घरांत असतं. शिवाय जिवाणू, तंतू, पाचक, सप्लिमेंट हे सगळं बहुतेकांच्या मनात औषध या खान्यात मोडतच नाही. चिठ्ठीशिवाय मिळतं, चव गोड असते, डब्यावर हसऱ्या मुलाचं चित्र असतं. ‘औषधं कोणती’ या प्रश्नाला म्हणूनच ‘काही नाही’ असं प्रामाणिक उत्तर येतं.

आतड्यात काय घडतं

लेव्होथायरॉक्सिन मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं, आणि तेही पूर्ण नाही: तोंडाने घेतलेल्या डोसचा साधारण ४० ते ८० टक्के भाग रक्तात पोहोचतो. ही मर्यादा इतकी रुंद आहे म्हणूनच पोटात सोबत काय आहे याला महत्त्व येतं. कॅल्शियम आणि लोह या औषधाला धरून ठेवतात. तयार होणारं संयुग आतड्याच्या भिंतीतून सहज पार होत नाही, आणि औषध शीतून बाहेर जातं. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधंही शोषण घटवतात. शिवाय गोळी नीट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, त्यामुळे आम्ल कमी करणाऱ्या कुठल्याही औषधाकडे या रुग्णांमध्ये लक्ष ठेवावं लागतं.

हा परिणाम मोजलेला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेव्होथायरॉक्सिनवर स्थिर असलेल्या २० प्रौढांना तीन महिने रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, कार्बोनेटच्या रूपात, गोळीसोबतच दिलं गेलं. त्यांचं सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ वर गेलं, आणि दर पाचातल्या एकाचं सामान्य मर्यादेबाहेर. लोहाचा परिणाम त्याहून ठळक निघाला: १९९२ च्या अभ्यासात १४ रुग्णांचं सरासरी टीएसएच १२ आठवड्यांत १.६ वरून ५.४ झालं. हे आकडे प्रौढांचे आहेत. लहान मुलीत, जिथे गोळी त्याच चमच्यात, त्याच पावडरीत कालवली जाते आणि पावडरीत कॅल्शियम आणि लोह दोन्ही आहेत, तिथे परिणाम मोठा असण्याची शक्यता जास्त.

ईसबगोलाबाबत मात्र सरसकट बोलणं योग्य नाही. लेव्होथायरॉक्सिनच्या माहितीपत्रकात तंतुमय आहाराचा उल्लेख शोषण घटवणाऱ्या गोष्टींत असतो, पण ईसबगोल दिलेल्या प्रौढांच्या एका छोट्या अभ्यासात लक्षणीय फरक दिसला नव्हता. या मुलीच्या बाबतीत माझा मुख्य संशय कॅल्शियम आणि लोहावर आहे, तंतूंवर दुय्यम. सिमेथिकोनचंही नाव माहितीपत्रकात आहे, आणि पोटदुखीच्या थेंबांमुळे तान्ह्या बाळात लेव्होथायरॉक्सिनचा परिणाम घटल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. हे थेंब रक्तात शोषलेच जात नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी मानले जातात. पण त्रास आतड्यातच होत असेल तर रक्तात न जाण्याने काय साधणार?

फार्मासिस्टने आणखी एक प्रश्न विचारला: केस-नखांसाठीचं किंवा बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) असलेलं काही देता का? उत्तर नाही आलं, पण प्रश्न महत्त्वाचा होता. जास्त मात्रेतलं बायोटिन औषधाला हात लावत नाही. ते प्रयोगशाळेतल्या काही चाचण्यांमध्ये ढवळाढवळ करतं, टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दाखवतं. या मुलीला तसं काही चालू असतं, तर तिचं वाढलेलं टीएसएच झाकलं गेलं असतं आणि सगळ्यांना वाटलं असतं की ठीक चाललंय.

सीलिअॅकची तपासणी नकारात्मक आली.

डोस कुठे न्यायचा

कारण सापडलं, आता पावडर बंद करायची, इतकं सरळ हे नव्हतं. मुलगी ६२.५ मायक्रोग्रॅमवर होती, म्हणजे किलोमागे सुमारे ५.२. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी माहितीपत्रकात दिलेला साधारण डोस किलोमागे ५ ते ६ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे कागदावर हा डोस जास्त दिसत नाही. पण हीच मुलगी चार-पाच महिन्यांपूर्वी ५० वर, म्हणजे १२ किलो धरून किलोमागे सुमारे ४.२ वर, टीएसएच २.४ राखून होती. तिला किती लागतं याचा पुरावा तिनेच दिलेला होता. अडथळा दूर केला आणि वाढवलेला डोस तसाच ठेवला, तर संप्रेरक जास्त होण्याची भीती होती. जास्त डोसमुळे मूल चिडचिडं होतं, झोप उडते, नाडी वेगाने चालते. तो बराच काळ राहिला तर हाडांचं वय वेळेआधी पुढे जातं, आणि तान्ह्या बाळांत कवटीचे सांधे लवकर जुळण्याचा धोका असतो.

उलट बाजूही होती. मुलगी त्या क्षणी संप्रेरकाच्या कमतरतेत होती. मग डोस कमी करायचा कसा?

डॉक्टरांनी ठरवलं ते असं: पावडर आणि थेंब त्याच दिवशी बंद, डोस परत ५० वर, दोन आठवड्यांनी फ्री टी४ आणि पाच आठवड्यांनी टीएसएच. आधी टी४ पाहायचं, कारण टीएसएच सावकाश खाली येतं. शरीरातलं टी४ सुधारलं तरी टीएसएच स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि फक्त टीएसएचकडे बघत बसलं तर दोन आठवड्यांनी उगाच डोस वाढवला जाऊ शकतो. काही डॉक्टर इथे ६२.५ आठवडाभर तसाच ठेवून मग उतरवतील. त्यालाही आधार आहे. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण या मुलीत ५० चा डोस पुरतो हे आधी सिद्ध झालेलं होतं आणि दोन आठवड्यांची तपासणी ठरलेली होती. ती तपासणी होईलच याची खात्री नसती, तर मत वेगळं असतं.

गोळी द्यायची पद्धतही बदलली. गोळी कुस्करायची, चमचाभर पाण्यात मिसळायची, लगेच द्यायची. आधीपासून करून ठेवायची नाही, दुधाच्या पूर्ण बाटलीत घालायची नाही, कारण मुलीने अर्धी बाटली सोडली तर अर्धा डोसही गेला. सोयायुक्त दुधात तर नाहीच. मुलगी थुंकायची म्हणून आईने पावडर निवडली होती, तेव्हा थुंकण्यावर उपाय देणं गरजेचं होतं. सुई नसलेल्या छोट्या सिरिंजने गालाच्या आत हळूहळू सोडल्यावर ती घेऊ लागली. नुसतं ‘पावडरीत देऊ नका’ असं सांगून पाठवलं असतं, तर आई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच अडचणीत सापडली असती.

दोन आठवड्यांनी फ्री टी४ सामान्य मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात आलं. पाच आठवड्यांनी टीएसएच ३.१.

बद्धकोष्ठतेचं काय

ती खरी होतीच, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं. थायरॉईड सावरल्यावर ती बरीच कमी झाली, पण शी रोखण्याची सवय राहिली होती. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली काढलेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांमध्ये, दुसरा आजार नसलेल्या मुलांच्या बद्धकोष्ठतेसाठी पॉलीइथिलीन ग्लायकॉल (आतड्यात पाणी धरून शी मऊ ठेवणारं औषध) हा पहिला पर्याय सांगितला आहे. वेगळ्या तंतूंच्या सप्लिमेंटला किंवा जिवाणूंच्या पूडीला पुरेसा आधार नाही, असंही त्यात म्हटलं आहे. मुलीला तेच औषध संध्याकाळी सुरू केलं, सकाळच्या गोळीपासून लांब. जेवणानंतर काही मिनिटं पाय टेकवून बसवायचं, जोर करायला लावायचं नाही, दटावायचं नाही.

पुढे कधी लोह किंवा कॅल्शियम देण्याची खरोखर गरज पडली, तर तेही बंदच ठेवायला हवं असं नाही. गोळीपासून किमान चार तासांचं अंतर ठेवलं की प्रश्न बहुतेक सुटतो. आईला हे ऐकून हायसं वाटलं, कारण तिला वाटत होतं की आता मुलीला काहीच देता येणार नाही.

इतर मुलांच्या बाबतीत

थायरॉईडची गोळी हे यातलं एक उदाहरण. पचनाच्या नावाखाली डब्यात काय काय असू शकतं आणि मूल कोणतं औषध घेतंय, यावर धोका ठरतो, आणि तो दर वेळी वेगळा असतो.

कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम ही खनिजं सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक्सनाही धरून ठेवतात. संसर्ग बरा होत नाही आणि दोष औषधाला दिला जातो. गॅससाठी विकला जाणारा सक्रिय कोळसा मला सगळ्यांत जास्त खटकतो. विषबाधेत तो वापरतातच मुळी पोटातलं औषध शोषून घेण्यासाठी. फिट्स येणाऱ्या मुलाला फिनोबार्बिटल किंवा कार्बामाझेपिन चालू असेल, तर तोच गुण त्याच्यावर उलटू शकतो, आणि तिथे परिणाम आठवड्यांनी रक्तात दिसत नाही, झटक्याच्या रूपात समोर येतो.

जिवाणूंच्या पूडीबाबत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँटिबायोटिकसोबत दिली तर ते जिवाणू मरतात, म्हणून निदान दोन तासांचं अंतर ठेवतात. तो फार तर पैशाचा अपव्यय. पण केमोथेरपीवर असलेल्या, प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या, किंवा मोठ्या रक्तवाहिनीत नळी असलेल्या मुलात हेच सजीव घटक रक्तात जाऊन गंभीर संसर्ग करू शकतात. अशा काही पूडींत असणारी सॅकॅरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे, म्हणजे एक प्रकारची बुरशी, तिचा रक्तसंसर्ग अशा रुग्णांमध्ये नोंदलेला आहे. मूळ वेष्टनावर पचन असं लिहिलेलं असलं तरी इथे प्रश्न पचनाचा उरत नाही. शिवाय बुरशीविरोधी औषध चालू असेल तर ही यीस्ट निकामी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना रुग्णालयात अशी जिवाणू उत्पादनं देण्याबाबत इशारा दिला, तो अशाच संसर्गातून एका बाळाच्या मृत्यूनंतर.

बिस्मथ सबसॅलिसिलेट असलेली पोटाची औषधं मुलांना देऊ नयेत, विशेषतः फ्लू किंवा कांजिण्यांच्या काळात, कारण त्यातलं सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्याच कुळातलं आणि त्याचा संबंध रे सिंड्रोमशी, म्हणजे मुलांच्या मेंदूला आणि यकृताला इजा करणाऱ्या दुर्मिळ पण गंभीर आजाराशी, आहे. जेष्ठमध जास्त दिवस दिला तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. स्टेरॉइड किंवा लघवी वाढवणारं औषध घेणाऱ्या मुलात ही घसरण आणखी खोल जाते. आणि सिस्टिक फायब्रोसिस (स्वादुपिंडाचे पाचक रस आतड्यात नीट न पोहोचणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलांना स्वादुपिंडाची विकरं डॉक्टर मोजून देतात. त्यावर बाजारातली ‘पाचक विकरं’ स्वतःहून वाढवू नयेत, कारण लायपेज या चरबी पचवणाऱ्या विकराची मात्रा दिवसाला किलोमागे १०,००० युनिटच्या वर गेली की मोठ्या आतड्याला इजा होण्याचा धोका आहे.

या मुलीच्या कुटुंबाने एक गोष्ट स्वतःहून सुरू केली: घरात मुलीच्या तोंडात जाणाऱ्या, अन्न सोडून इतर प्रत्येक वस्तूच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवायचा, आणि दवाखान्यात कोणीही आलं तरी तो फोनवरून दाखवायचा. पुढच्या भेटीला वडील एकटेच आले आणि त्यांनी सगळे फोटो डॉक्टरांपुढे ठेवले. त्यात एक नवीन होता, भूक वाढवण्याचं एक सिरप. त्यात लोह होतं. ते संध्याकाळी हलवलं गेलं, गोळीपासून पुरेशा अंतरावर, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचं ठरलं. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर बोलणं आणि आकलन तपासणारी विकास-चाचणी ठरलेली आहे. संप्रेरक कमी राहिलेल्या त्या महिन्यांची नोंद तिच्या कागदपत्रांत ठळक केली आहे, म्हणजे चाचणी घेणाऱ्याला ती पहिल्याच पानावर दिसेल.